होम स्क्रीनवरची चिठ्ठी

“माझ्या फोनमधलं व्हॉट्सॲप उडालं,” अशी तक्रार घेऊन आलेल्या आजी-आजोबांचा फोन हातात घेतला की बरेचदा एक चमत्कारिक गोष्ट दिसते. तो ओळखीचा हिरवा आयकॉन कुठेच नसतो, पण मेसेज मात्र येत असतात. वरची सूचनांची पट्टी खाली ओढली की नातवाचा फोटो, सोसायटीच्या ग्रुपवर आलेली पाण्याची वेळ, सगळं हजर. त्या सूचनेवर बोट ठेवलं तर व्हॉट्सॲप उघडतंसुद्धा. मग उडालं ते काय?

याच्या उलट कोडंही तितकंच नेहमीचं. फोनमधली जागा भरली म्हणून कुणी होम स्क्रीनवरचे दहा-बारा आयकॉन काढून टाकतं आणि सेटिंग्जमध्ये जाऊन पाहतं, तर मोकळी जागा होती तेवढीच. इतकी ॲप्स काढली, तरी जागा का वाढली नाही?

दोन्ही कोड्यांचं उत्तर एकच आहे. आपण ज्याला ॲप समजून बोट लावतो तो असतो ॲपला पाठवायचा निरोप. ॲप राहतं दुसरीकडे. आणि निरोपच असेल, तर त्यात आपल्याला हवं तेही लिहिता यायला हवं: ‘फोनचं ॲप उघड’ एवढ्यावर न थांबता ‘थेट आईला फोन लाव’, किंवा ‘ब्राउझर उघड’च्या जागी ‘सातबाऱ्याचं पान दाखव’. ते लिहिता येतं. त्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही, बहुधा वेगळं ॲपही घ्यावं लागत नाही. ज्यांना या सोयीची सगळ्यांत जास्त गरज आहे त्या वयस्कर माणसांच्या फोनवर मात्र ती क्वचितच करून दिलेली असते, म्हणून हा लेख.

होम स्क्रीन हेही एक ॲपच

फोन सुरू झाल्यावर जी पहिली चौकट समोर येते तिला आपण फोनच समजतो. अँड्रॉइडमध्ये ती चौकट रंगवण्याचं काम एक स्वतंत्र ॲप करत असतं. त्याला लाँचर म्हणतात. सॅमसंगचा लाँचर वेगळा, पिक्सेलचा वेगळा, शाओमीचा वेगळा. प्ले स्टोअरवरून नोव्हासारखा तिसराच लाँचर घेऊन बसवता येतो, आणि मग तोच फोन अगदी निराळा दिसू लागतो. आत काहीही बदललेलं नसतं.

लाँचरचं काम दोन टप्प्यांत चालतं. पहिल्यांदा तो ऑपरेटिंग सिस्टिमला, म्हणजे फोनचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या मूळ यंत्रणेला विचारतो: या फोनवर कोणकोणती ॲप्स आहेत, आणि त्यांपैकी कोणाला बाहेरून उघडता येतं? प्रत्येक ॲपनं इन्स्टॉल होतानाच आपलं नाव, आपलं चित्र आणि आपलं पहिलं पान कोणतं ते सिस्टिमकडे नोंदवून ठेवलेलं असतं. ती यादी लाँचरला मिळते. दुसऱ्या टप्प्यात कोणता आयकॉन कितव्या पानावर, कोणत्या ओळीत, कोणत्या रकान्यात हे तो आपल्या स्वतःच्या छोट्या नोंदवहीत लिहून ठेवतो आणि त्याप्रमाणे चित्रं मांडतो.

आयकॉन दाबून धरून ‘रिमूव्ह’वर ओढला की त्या नोंदवहीतली एक ओळ खोडली जाते. ॲप, त्यातले मेसेज, त्यातले फोटो यांना धक्काही लागत नाही. म्हणून मेसेज येत राहतात आणि म्हणूनच जागा मोकळी होत नाही. उडालेला आयकॉन परत आणायचा तर होम स्क्रीनवर बोट खालून वर सरकवायचं, सगळ्या ॲप्सची यादी येते, त्यातला हवा तो आयकॉन दाबून धरायचा आणि ओढून बाहेर आणून ठेवायचा.

एक सावधगिरी मात्र हवी. काही कंपन्यांच्या लाँचरमध्ये अशी वेगळी यादी ठेवलेलीच नसते, सगळी ॲप्स होम स्क्रीनवरच पसरलेली असतात. तिथे आयकॉन काढायला गेलं की फोन सरळ ‘अनइन्स्टॉल करायचं का?’ असं विचारतो, आणि हो म्हटलं तर ॲप खरोखरच जातं. आयफोनवरही बरीच वर्षं हीच पद्धत होती. २०२० साली आलेल्या आयओएस १४ मध्ये ‘ॲप लायब्ररी’ आली आणि आयकॉन काढूनही ॲप ठेवण्याची मुभा मिळाली. तेव्हा बोट लावण्याआधी समोरचा शब्द वाचावा: ‘रिमूव्ह’ आहे की ‘अनइन्स्टॉल’ किंवा ‘डिलीट’.

चिठ्ठीत काय लिहिलेलं असतं

आयकॉनवर बोट लावल्यावर लाँचर सिस्टिमच्या हातात एक निरोप देतो. अँड्रॉइड बनवणारे त्याला ‘इंटेंट’ म्हणतात. तो समजून घ्यायला आपल्या लहानपणची एक पद्धत उपयोगी पडते. आई मुलाच्या हातात चिठ्ठी देऊन त्याला सामान आणायला पाठवायची. चिठ्ठीवर काय करायचं ते असायचं, कोणत्या वस्तूबद्दल ते असायचं, आणि कधी कधी कुणाच्या दुकानातून आणायचं तेही असायचं. मुलाला त्यातलं काही कळण्याची गरज नसे. चिठ्ठी पोचवली की काम होई.

इंटेंटमध्येही हेच तीन भाग असतात. एक क्रिया: दाखव, फोन लाव, पाठव, शोध. दुसरा भाग म्हणजे ती क्रिया कशावर करायची: एखादा फोन नंबर, वेबसाइटचा पत्ता, नकाशावरचं ठिकाण. आणि तिसरा, काम कोणत्या ॲपनं करायचं. हा तिसरा भाग कोरा ठेवला तरी चालतं. दुकानाचं नाव न लिहिलेली चिठ्ठी वस्तू मिळेल त्या कोणत्याही दुकानात चालावी, तसं मग सिस्टिम शोधते की हे काम करायला कोणकोण तयार आहे. एकच ॲप तयार असेल तर ते उघडतं. अनेक असतील तर खालून ती यादी वर येते, ‘कशात उघडायचं?’ असं विचारणारी. ही यादी आपण रोज पाहतो. ती का येते याचं कारण हे.

दुकानदाराकडच्या यूपीआयच्या क्यूआर कोडमध्येही असाच मजकूर भरलेला असतो: पैसे द्यायचे, या यूपीआय आयडीला, या नावानं. कोणत्या ॲपमधून द्यायचे हे त्यात लिहिलेलं नसतं. म्हणूनच एकाच कागदावरचा कोड तुमच्या भीमवर चालतो, शेजारच्याच्या गुगल पेवर चालतो आणि तिसऱ्याच्या फोनपेवरही चालतो.

आता साध्या आयकॉनकडे पुन्हा पाहा. त्याच्यामागची चिठ्ठी सगळ्यांत तोकडी असते: ‘अमुक ॲप, पहिलं पान.’ बस. पुढचं सगळं आपल्या अंगठ्यानं करायचं. आईला व्हॉट्सॲपवर मेसेज करायचा तर व्हॉट्सॲप उघडा, यादीतून खाली जा, नाव सापडलं नाही तर शोधा, मग त्यावर बोट लावा. स्वतः बनवलेला शॉर्टकट म्हणजे हीच चिठ्ठी पूर्ण भरून ठेवणं.

क्रियेचा शब्द बदलला की परिणाम कसा बदलतो, याचं फोन लावण्याइतकं चांगलं उदाहरण नाही. अँड्रॉइडमध्ये ‘डायल’ आणि ‘कॉल’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ‘डायल’ म्हटलं तर नंबर भरलेली चौकट समोर येते आणि हिरवं बटण आपण दाबायचं असतं. ‘कॉल’ म्हटलं तर फोन थेट लागतो. थेट फोन लागणं म्हणजे आपल्या नकळत पैसे खर्च होण्याची किंवा भलत्या नंबरला फोन जाण्याची शक्यता, त्यामुळे दुसऱ्या क्रियेसाठी ॲपला आपली स्पष्ट परवानगी मागावी लागते. ‘फोन कॉल करण्याची परवानगी द्यायची का?’ हा प्रश्न तिथून येतो. सुपारीएवढ्या एका चौकोनावर बोट लावून थेट मुलीला फोन लागावा अशी सोय हवी असेल तर तो प्रश्न हो म्हणण्याजोगा आहे. हात थरथरत असतील आणि चुकून दहादा फोन जाण्याची भीती असेल, तर मधलं हिरवं बटण राहू द्यावं.

दाबून धरलं की काय उघडतं

आयकॉनवर नुसतं टेकवायचं बोट अर्धा सेकंद दाबून धरलं की एक छोटी यादी उघडते. कॅमेऱ्यावर ‘सेल्फी’, ‘व्हिडिओ’. यूपीआयच्या ॲपवर बहुतेक ठिकाणी ‘स्कॅन’. मॅप्सवर ‘घर’, ‘ऑफिस’. आयफोनवर ही सोय २०१५ मध्ये आयफोन ६एसबरोबर आली, तेव्हा ती पडदा जोरात दाबल्यावर उघडायची. अँड्रॉइडवर ती २०१६ मध्ये ७.१ या आवृत्तीत आली.

या यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे ॲप बनवणाऱ्यानं आधीच भरून ठेवलेली चिठ्ठी. काही ओळी कायमच्या असतात, जसं ‘स्कॅन’. काही आपल्या वापराप्रमाणे बदलतात: मेसेजच्या ॲपवर गेल्या काही दिवसांत तुम्ही ज्यांच्याशी बोललात त्यांची नावं दिसतात ती या जातीची. आणि अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की यातली कोणतीही ओळ दाबून धरून होम स्क्रीनवर ओढता येते. मग तिचा स्वतंत्र आयकॉन होतो. भाजीवाल्यासमोर उभं राहून यूपीआय ॲप उघडा, जाहिरात बाजूला करा, ‘स्कॅन’ शोधा, या धावपळीऐवजी एका स्पर्शात कॅमेरा समोर. पैसे देताना पिन लागतोच. शॉर्टकटनं फक्त चालणं वाचतं, सुरक्षेची कोणतीही पायरी गाळली जात नाही. बँकेच्या ॲपचंही तसंच.

असे शॉर्टकट ठेवण्याच्या नियमांत २०१७ साली, अँड्रॉइड ८ मध्ये मोठा बदल झाला. त्याआधी कोणतंही ॲप आपल्याला न विचारता होम स्क्रीनवर आयकॉन टाकू शकत असे. एक फुकटचा खेळ उतरवून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर चार अनोळखी आयकॉन उगवलेले असावेत, हे त्या काळातलं नेहमीचं दृश्य. नव्या नियमानुसार ॲपला फक्त विनंती करता येते. सिस्टिम आपल्यासमोर चौकट आणते, ‘हा शॉर्टकट जोडायचा का?’, आणि आपण हो म्हटल्यावरच तो बसतो. एकदा बसला की ॲपला तो काढताही येत नाही. शॉर्टकट ज्या पानाकडे नेतो ते बंद झालं असेल तर ॲप त्या शॉर्टकटला निकामी ठरवू शकतं, मग तो फिकट दिसतो आणि बोट लावल्यावर कारण सांगतो. पण हटवणं आपल्याच हातात. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. फोनमधल्या बहुतेक गोष्टी कुणीतरी दुसरं ठरवत असताना निदान या एका पडद्यावर काय राहील याचा शेवटचा शब्द वापरणाऱ्याकडे ठेवला आहे.

घरातल्यांसाठी

वयस्कर माणसाला नवं ॲप शिकवण्यापेक्षा त्याच्या पडद्यावर चार माणसांचे चेहरे ठेवून देणं कितीतरी उपयोगाचं. नाव वाचायला चष्मा लागतो, चेहरा ओळखायला बहुधा लागत नाही.

अँड्रॉइडवर होम स्क्रीनची रिकामी जागा दाबून धरली की ‘विजेट्स’ हा पर्याय येतो. त्यात कॉन्टॅक्ट्स किंवा फोन या ॲपखाली बऱ्याच फोनवर ‘डायरेक्ट डायल’ नावाचं एका आयकॉनएवढं विजेट मिळतं. ते ओढून ठेवलं की माणूस निवडायला सांगतं. त्या माणसाचा फोटो आधी कॉन्टॅक्टमध्ये लावून ठेवला असेल तर तोच फोटो आयकॉन म्हणून येतो. हे विजेट नसेल तर कॉन्टॅक्ट उघडून वरच्या तीन ठिपक्यांत होम स्क्रीनवर जोडण्याचा पर्याय शोधावा; कंपनीगणिक त्याचं नाव थोडं बदलतं. व्हॉट्सॲपवर चॅट दाबून धरून तीन ठिपक्यांत ‘ॲड चॅट शॉर्टकट’ असतं.

आयफोनची वाट वेगळी आहे. तिथे ‘शॉर्टकट्स’ नावाचं ॲपलचं स्वतःचं ॲप आहे. त्याचा जन्म ‘वर्कफ्लो’ या नावानं २०१४ मध्ये एका छोट्या कंपनीकडे झाला. ॲपलनं ते २०१७ मध्ये विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी आयओएस १२ बरोबर नव्या नावानं आणलं. चिठ्ठीची कल्पना इथे आणखी पुढे जाते, कारण एका शॉर्टकटमध्ये एकामागून एक अनेक कामं लिहिता येतात: आवाज पूर्ण वाढव, मग आईला फोन लाव. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या फोनवर असं दोन ओळींचं काम फार उपयोगी पडतं.

२०२० च्या शरद ऋतूत, आयओएस १४ आल्यावर, जगभरच्या तरुणांनी याच ॲपचा वापर एका निराळ्या हौसेसाठी केला. प्रत्येक ॲपसाठी ‘हे ॲप उघड’ एवढंच सांगणारा शॉर्टकट बनवायचा, त्याला आवडीचं चित्र द्यायचं आणि मूळ आयकॉन लपवायचे. पडदा सुंदर दिसे, पण दोन अडचणी आल्या. सुरुवातीला प्रत्येक स्पर्शाला आधी शॉर्टकट्स ॲप क्षणभर उघडायचं आणि मग हवं ते. ॲपलनं त्याच वर्षाच्या शेवटी १४.३ मध्ये ते थांबवलं. दुसरी अडचण मात्र मुळातली आहे. न वाचलेल्या मेसेजची संख्या दाखवणारा लाल ठिपका या आयकॉनवर येत नाही. तो ठिपका ॲपच्या आयकॉनचा. शॉर्टकट ॲपची चिठ्ठी घेऊन बसलेला असला तरी ॲपचा आयकॉन नव्हे.

┌──────────────
चौकट: आयफोनवर चेहऱ्याचा शॉर्टकट

शॉर्टकट्स ॲप उघडून वरच्या + वर बोट लावा. कामांच्या यादीत ‘कॉल’ शोधा, ते निवडून त्यात हवा तो माणूस भरा. शॉर्टकटच्या नावावर किंवा शेअरच्या खुणेवर बोट लावलं की ‘ॲड टू होम स्क्रीन’ मिळतं. तिथल्या छोट्या चित्रावर बोट लावून त्या माणसाचा फोटो निवडा, नाव ‘ताई’, ‘डॉक्टर’ असं लहान ठेवा. लांब नाव आयकॉनखाली तुटतं.

फोनऐवजी व्हॉट्सॲप चॅट उघडायचा असेल तर ‘कॉल’च्या जागी ‘ओपन यूआरएल’ हे काम घ्या आणि पत्ता म्हणून ‘डब्ल्यूए डॉट एमई’ हा व्हॉट्सॲपचा लहान पत्ता, पुढे तिरपी रेघ, मग ९१ आणि दहा आकडी नंबर, मध्ये जागा न सोडता, इंग्रजी अक्षरांत व आकड्यांत टाका.
└──────────────

हे सगळं करून झाल्यावर आणखी दोन सेटिंग्ज पाहावीत. सॅमसंग आणि शाओमीसारख्या फोनवर होम स्क्रीनची मांडणी कुलूपबंद करण्याचा पर्याय असतो, ‘लॉक होम स्क्रीन लेआउट’. तो चालू केला की खिशात किंवा थरथरत्या हातात आयकॉन हलत नाहीत. दुसरं, ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंग्जमधलं ‘टच अँड होल्ड डिले’. बोट किती वेळ टेकलं की फोननं त्याला ‘दाबून धरलं’ असं समजायचं, ते यात ठरतं. सावकाश बोट उचलणाऱ्या माणसासाठी ते ‘लाँग’ केलं की नको त्या याद्या उघडणं बरंच कमी होतं.

आयकॉन कुठे ठेवावा यालाही शास्त्र आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात पोचायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो: ते किती दूर आहे आणि किती मोठं आहे. तेव्हा टचस्क्रीन नव्हते, पण नियम आजही तसाच लागू पडतो. सर्वांत महत्त्वाचा शॉर्टकट अंगठ्याजवळ, खालच्या ओळीत हवा. शक्य असेल तर सेटिंग्जमध्ये ओळी आणि रकाने कमी करून आयकॉन मोठे करावेत. आणि एकदा ठरलेली जागा बदलू नये, कारण काही आठवड्यांनी माणूस पाहून बोट लावत नाही, हात आपसूक तिथे जातो.

वेबसाइटही पडद्यावर ठेवता येते

२००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा त्यात बाहेरची ॲप्स घेण्याची सोयच नव्हती. स्टीव्ह जॉब्ज यांनी तेव्हा प्रोग्रामरना सांगितलं होतं की सफारी ब्राउझरमध्ये चालणारी वेब ॲप्स बनवा. जानेवारी २००८ मध्ये एका अपडेटनं वेबसाइटचा आयकॉन होम स्क्रीनवर ठेवण्याची सोय दिली, आणि ॲप स्टोअर आलं ते त्यानंतर, जुलै २००८ मध्ये. म्हणजे आयफोनवर वेबसाइटचा शॉर्टकट हा ॲप स्टोअरपेक्षाही जुना आहे.

करायचं कसं ते सोपं आहे: क्रोममध्ये तीन ठिपके, सफारीत शेअरची खूण, आणि ‘ॲड टू होम स्क्रीन’. आत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. ब्राउझर आधी त्या वेबसाइटकडे ‘मॅनिफेस्ट’ नावाची एक लहान फाइल आहे का ते पाहतो. त्यात वेबसाइटनं आपलं लहान नाव, आयकॉन आणि सुरुवातीचं पान लिहून ठेवलेलं असतं. शिवाय, ब्राउझरची पत्त्याची पट्टी दाखवायची की लपवायची, तेही. अशी फाइल नसेल तर अँड्रॉइडवर साधा शॉर्टकट बनतो: ‘हा पत्ता, क्रोममध्ये उघड.’ फाइल असेल तर क्रोम २०१७ पासून पुढचं पाऊल टाकतो. गुगलच्या सर्व्हरकडून त्या वेबसाइटसाठी एक छोटं खरंखुरं ॲप बनवून घेतलं जातं आणि फोनवर इन्स्टॉल होतं. मग ते सगळ्या ॲप्सच्या यादीत दिसतं आणि काढायचं तर अनइन्स्टॉल करावं लागतं.

कोणत्या पानाचा शॉर्टकट टिकतो आणि कोणत्याचा नाही, याचं कोडं अनेकांना पडतं. चिठ्ठीत फक्त पानाचा पत्ता लिहिला जातो, हे लक्षात ठेवलं की ते सुटतं. यूट्यूबच्या व्हिडिओची ओळख त्याच्या पत्त्यातच असते, म्हणून तो शॉर्टकट नेहमी बरोबर उघडतो. सातबाऱ्याच्या महाभूलेख या वेबसाइटवर मात्र आपण जिल्हा निवडतो, तालुका निवडतो, गाव आणि गट नंबर भरतो, आणि मग सातबारा दिसतो. ही निवड आपण त्या वेळी पाठवलेली असते, पानाच्या पत्त्यात ती उतरत नाही. त्यामुळे उताऱ्याच्या पानाचा शॉर्टकट करून उपयोग नाही. सुरुवातीच्या पानाचा करावा. लॉगइन करून आत गेल्यानंतरच्या पानांचं तसंच. त्या पत्त्याला जोडलेली ओळख थोड्या वेळानं बाद होते, आणि व्हायलाच हवी, नाहीतर फोन ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या खात्यात शिरेल.

खोट्या आयकॉनपासून सावध

नाव कोणतंही देता येतं, चित्र कोणतंही लावता येतं, मग कुणी बँकेचं चित्र लावून भलत्याच पानाकडे नेणारा आयकॉन आपल्या गळ्यात घातला तर? ही भीती पोकळ नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीनं चेक प्रजासत्ताकातल्या बँकांच्या ग्राहकांवर झालेला नेमका असाच हल्ला उघड केला. मेसेज, फोन किंवा जाहिरातीतून लोकांना खोट्या पानावर नेलं जाई, ‘ॲप अपडेट करा’ असं सांगून वेबसाइट होम स्क्रीनवर जोडायला लावलं जाई. आयकॉन हुबेहूब बँकेचा, पत्त्याची पट्टी लपवलेली, त्यामुळे आत गेलेल्याला वेबसाइटवर आहोत हे कळतच नसे. आणि हे बाहेरचं ॲप उतरवणं नव्हतं, त्यामुळे त्या वेळी फोन देतो तो ‘अनोळखी ठिकाणाहून इन्स्टॉल’चा इशाराही आला नाही.

विंडोज ९५ मध्ये शॉर्टकटच्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण असायचा, हे मूळ फाइल नाही असं सांगणारा. अँड्रॉइडनं २०१७ पासून तेच काम करणारा एक लहान बिल्ला आणला. साध्या वेब-शॉर्टकटच्या कोपऱ्यात क्रोमचं चित्र दिसतं, आणि बोट लावल्यावर खरोखर काय उघडणार ते त्यावरून कळतं. पण वर सांगितलेल्या पद्धतीनं वेबसाइटचं खरं ॲप बनलं की हा बिल्ला राहत नाही, आणि या हल्ल्यात अँड्रॉइडवर तीच पद्धत वापरली गेली होती. त्यामुळे केवळ चित्रावर विसंबता येत नाही. एक साधा नियम पाळावा: बँक, यूपीआय, आधार, वीजबिल यांचा शॉर्टकट आपण स्वतः सुरू केलेल्या कामातूनच बनावा. पत्ता स्वतः टाइप करून किंवा ॲप स्टोअरमधून घेतलेल्या ॲपवरून. मेसेजमधल्या लिंकनं किंवा फोनवरच्या माणसानं ‘होम स्क्रीनवर जोडा’ असं सांगितलं की तिथेच थांबावं. घरातल्या मोठ्यांना हे एक वाक्य जरूर सांगून ठेवावं.

शॉर्टकट मरतात ते का

काही महिन्यांनी एखाद्या जुन्या आयकॉनवर बोट लावावं आणि ‘ॲप इन्स्टॉल केलेलं नाही’ असं यावं, ॲप तर फोनवर आहेच. जुन्या पद्धतीच्या शॉर्टकटमध्ये ॲपच्या आतल्या पानाचं नाव जसंच्या तसं लिहिलेलं असे. अपडेटमध्ये ते नाव बदललं की चिठ्ठीवरचं दुकान सापडत नाही. असा शॉर्टकट दुरुस्त होत नाही, काढून पुन्हा बनवावा.

लाँचर बदलला तरी हेच. मांडणीची नोंदवही जुन्या लाँचरची होती, नव्याला ती दिसत नाही. ॲप्स असतात, पण तुम्ही ओढून ठेवलेले चेहरे, चॅट आणि पानं पुन्हा मांडावी लागतात. नवा फोन घेताना बॅकअपमधून बरीचशी मांडणी परत येते, मात्र कंपनी बदलली, सॅमसंगवरून विवोकडे गेलात, तर तिच्यावर फार भरवसा ठेवू नये. थेट फोन लावणाऱ्या विजेटांना नव्या फोनवर परवानगीही पुन्हा द्यावी लागते, आणि ती कुणी दिली नाही तर आजींना वाटतं की मुलगी फोन उचलत नाही. म्हणून जुना फोन बाजूला ठेवण्याआधी होम स्क्रीनच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. नव्या फोनवर तो समोर धरून एकेक शॉर्टकट बसवावा आणि बसवलेल्या प्रत्येकावर त्या माणसाच्या समोरच एकदा बोट लावून पाहावं.